टाळता येणारं अंधत्व आणि आपला निधी

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहिलं आहे.)



मघाशी माझी ओळख 'संगणक अभियंता आणि समाजसेविका' अशी करून दिली. त्यातला पहिला शब्द खरा आहे. दुसऱ्याबद्दल एवढंच सांगते की मी सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सेवा क्लबची सभासद झाले आणि सुरुवातीला आम्ही जे काम केलं त्यातलं बरंचसं चुकलं. आज मी त्या चुकांबद्दलच बोलणार आहे. आपल्या तुकडीने जमवलेल्या निधीचं काय करायचं, हा विषय दुपारच्या बैठकीत आहे. त्याआधी हे तुमच्या कानावर घालावं असं मला वाटलं.

सुरुवात याच आवारापासून करते. मागची बैठी इमारत आठवते ना? मी चौथीत असताना दिवाळीच्या सुट्टीत तिथे डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. बाकं व्हरांड्यात रचून ठेवली होती, वर्गांत सतरंज्या घातल्या होत्या. एका खोलीत ऑपरेशन आणि बाकीच्या खोल्यांत डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या बांधलेली म्हातारी माणसं ओळीने झोपलेली. त्यांत माझी आजी होती. मी तिच्यासाठी डबा घेऊन यायची.

त्या काळी खेड्यातल्या शिबिरांत मोतीबिंदू झालेलं भिंग काढून टाकायचे आणि त्याच्या जागी जाड काचेचा चष्मा द्यायचे. डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवायची सोय आपल्याकडे पोचली नव्हती. आजीला चष्मा मिळाला आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. 'तुझ्या गालावर तीळ कधी आला गं?' असं तिने मला विचारलं होतं. तीळ जन्मापासूनचाच होता.

दीड वर्षाने यात्रेच्या गर्दीत तो चष्मा पडला आणि फुटला. नवा कुठे करायचा, नंबर काय होता, कुणाला विचारायचं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. शिबिर घेणाऱ्या मंडळींची नावं मोठ्या कापडी फलकावर होती. पण तो फलक शिबिर संपलं त्याच दिवशी उतरला होता. आजी पुढे तीन वर्षं जगली, ती भिंतीला हात लावत चालतच. तिचं ऑपरेशन यशस्वी झालं होतं. शिबिराच्या अहवालात ती यशस्वी म्हणूनच मोजली गेली असणार.

ही गोष्ट मी आधी सांगितली, कारण मला जे म्हणायचं आहे ते सगळं तिच्यात आहे. डोळ्यांच्या कामासाठी पैसे देणारे आपल्याकडे कमी नाहीत. ते पैसे बहुतेक वेळा मधल्या एका दिवसावर खर्च होतात. त्या दिवसाच्या आधी आणि नंतर काय होतं, त्यासाठी कुणी पैसे देत नाही. माणसं नेमकी तिथेच गळतात.

आता थोडे आकडे सांगते. टाळता येणारं अंधत्व म्हणजे असं अंधत्व, की जे वेळेवर रोखता आलं असतं किंवा जे आजही उपचाराने जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दृष्टीवर एक अहवाल काढला. त्यानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांपैकी किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावरचा उपचार अजून बाकी आहे. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, जवळजवळ दोन तृतीयांश. म्हणजे साधारण वीस मिनिटांच्या ऑपरेशनने जो दोष जातो, त्यानेच आपली सर्वाधिक माणसं आंधळी आहेत. त्याच सर्वेक्षणात सात टक्क्यांच्या आसपास अंधत्व मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधल्या गुंतागुंतीमुळे आलेलं होतं. हा आकडा लक्षात ठेवा, त्याकडे मी परत येणार आहे.

सेवा क्लबांचा आणि डोळ्यांचा संबंध जुना आहे. १९२५ साली अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट इथे लायन्सचं अधिवेशन झालं. तिथे हेलन केलर यांनी सभासदांना आवाहन केलं, की अंधाराविरुद्धच्या लढ्यात तुम्ही अंधांचे शिलेदार व्हा. तेव्हापासून दृष्टी हे लायन्सचं मुख्य काम झालं. १९९० मध्ये त्यांनी 'साइट फर्स्ट' हा कार्यक्रम सुरू केला. त्यातून रुग्णालयांची उभारणी, प्रशिक्षण आणि शस्त्रक्रियांसाठी निधी दिला जातो. रोटरीचेही नेत्रपेढ्या, नेत्ररुग्णालयं आणि शाळांमधल्या तपासण्यांचे कितीतरी प्रकल्प आहेत. आपल्या तालुक्यातसुद्धा आजवर जी शिबिरं झाली, त्यांच्या मागे असाच कुठला ना कुठला क्लब होता. त्यामुळे क्लबांना नावं ठेवायला मी उभी नाही. मी त्यांच्यातलीच एक आहे.

तर आमचं पहिलं शिबिर. मांडव, नाश्ता, पाहुणे, पेपरात फोटो. तीनशेच्या वर लोक तपासले. त्यांपैकी ६१ जणांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. ऑपरेशन एका धर्मादाय रुग्णालयात मोफत होणार होतं. आम्ही चिठ्ठ्या दिल्या, टाळ्या वाजल्या, घरी आलो.

दोन महिन्यांनी मी सहज रुग्णालयाकडे यादी मागितली. माझ्या नोकरीत एखादी यंत्रणा बंद पडली, की ती नेमकी कुठल्या पायरीवर पडली ते आधी शोधतात. तीच सवय. ६१ पैकी १९ जणच पोचले होते.

मला राग आला. 'फुकट असूनही लोक येत नाहीत' हे वाक्य मीही म्हटलं. मग उरलेल्यांना एकेक करून फोन केले. एका आजोबांना नेणारं कुणी नव्हतं. मुलगा मुंबईत, सून रानात. एका मावशींची ज्वारीची काढणी चालू होती. एक बाई म्हणाली, 'एका डोळ्याने दिसतंय की, दुसऱ्याची घाई काय?' एकाला शुगर जास्त म्हणून रुग्णालयाने परत पाठवलं होतं, पण शुगर कमी करायला कुठे जायचं हे सांगितलं नव्हतं. एका आजींनी सांगितलं, शेजारणीचा डोळा ऑपरेशननंतर गेला, मी नाही जायची. आणि बऱ्याच जणांकडे एसटीचे दोन वेळचे पैसे आणि एक दिवसाची मजुरी एवढीच अडचण होती. ऑपरेशन फुकट होतं. तिथपर्यंत जाणं फुकट नव्हतं.

नंतर मी वाचायला लागले, तेव्हा कळलं की हे शहाणपण नवं नाही. मदुराईचं अरविंद नेत्ररुग्णालय तुम्ही ऐकून असाल. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ साली अकरा खाटांवर ते सुरू केलं. त्याच वर्षी आपल्या सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही सुरू झाला. बाहेरून येणारं कृत्रिम भिंग शंभर डॉलरच्या घरात होतं. १९९२ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढून ते दहा डॉलरच्या आसपास आणलं. आज खेड्यातल्या म्हातारीच्या डोळ्यात भिंग बसतं आणि माझ्या आजीसारखा जाड चष्मा लागत नाही, याला ते एक मोठं कारण आहे. तर अशा या संस्थेच्या भागातल्या एका अभ्यासात दिसलं, की गावात शिबिर लागूनही डोळ्यांचा त्रास असलेल्यांपैकी सातेक टक्केच लोक शिबिराला येतात. हे कळल्यावर त्यांनी शिबिरं आणखी वाढवून भागवलं नाही. त्यांनी कायमची छोटी दृष्टी केंद्रं उघडली. एक प्रशिक्षित तंत्रज्ञ, साधी उपकरणं, आणि मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी संगणकावरून संपर्क. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेनेही साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक अशी केंद्रं मांडली. रोज उघडं असणारं दार, हा त्यातला मुद्दा आहे.

मग आम्ही काय बदललं? आधी माझी फजिती सांगते. मी एक मोबाइल ॲप तयार केलं. रुग्णांची नोंद, आठवण करून देणारे संदेश, सगळं होतं. तीन आठवडे कुणी वापरलं नाही. चौथ्या आठवड्यात एका आशाताईंनी मला त्यांची दोनशे पानी वही दाखवली. त्यात प्रत्येक रुग्णापुढे फोन कुणाचा, घरी कोण असतं, कुठल्या वारी रिकामे असतात, असं सगळं लिहिलेलं होतं. ॲप बंद केलं. आम्ही वहीप्रमाणे चाललो.

पुढच्या वर्षी आम्ही मांडव आणि पाहुण्यांचा खर्च काढून टाकला. त्या पैशांत महिन्यातून दोनदा गाडी ठेवली. ती गावातून रुग्णांना आणि सोबतच्या एका माणसाला घेऊन जायची आणि परत आणून सोडायची. शुगर आणि बीपी आठ दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यायला लागलो, म्हणजे रुग्णालयातून माघारी यायची वेळ कमी आली. आधी ऑपरेशन झालेल्या एका काकूंना आम्ही घरोघरी घेऊन गेलो. डॉक्टरांच्या भाषणापेक्षा त्यांच्या 'मला बघा' याचा उपयोग जास्त झाला. आणि दीड महिन्याने प्रत्येकाला परत तपासून, नंबर काढून, लागला तर चष्मा दिला. त्या वर्षी ५४ जणांना ऑपरेशन सांगितलं होतं, त्यांतले ४३ जण पोचले. आमच्या वार्षिक कार्यक्रमात आकडा मात्र लहान दिसला. तीनशे जणांची तपासणी त्यात नव्हती. आमच्याच काही सभासदांना तो फिका वाटला.

आता पैसे कुठून आणि कसे येतात ते सांगते. तुमच्यातले बरेच जण वेगवेगळ्या गावी क्लबांत आहेत, त्यांना उपयोग होईल.

लहान प्रकल्पाला क्लबचा स्वतःचा निधी आणि रोटरीची डिस्ट्रिक्ट ग्रँट पुरते. त्याच्या वर ग्लोबल ग्रँट आहे. त्यासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो. इथला एक क्लब आणि परदेशातला एक क्लब, असे दोघे मिळून अर्ज करतात. आधी गावाची गरज काय याची पाहणी करावी लागते. यंत्र कुणाच्या मालकीचं राहणार, देखभाल कोण करणार, अनुदान संपल्यावर काम कसं चालणार, हे लिहून द्यावं लागतं. लोकांना हा कागदांचा त्रास वाटतो. मला तोच भाग सर्वांत आवडतो. हे प्रश्न विचारले नाहीत म्हणूनच कित्येक ठिकाणी दान केलेली यंत्रं कपड्याखाली झाकून पडलेली असतात.

तिसरा रस्ता कंपन्यांचा. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक उलाढाल किंवा नफा असलेल्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. काम करणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. याशिवाय आमच्या क्षेत्रातल्या काही कंपन्या, कर्मचाऱ्याने जेवढं दिलं तेवढंच स्वतःचं घालतात. आपल्यापैकी नोकरीतल्यांनी ही चौकशी नक्की करावी.

आणि परदेशातल्या मित्रांसाठी एक सूचना. तुमचा पासपोर्ट अजून भारताचा असेल, तर तुम्ही बँकेतून पाठवलेले तुमच्या बचतीचे पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण तुम्ही तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती परकीय देणगी होते आणि ती फक्त एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. आपल्या तुकडीच्या खात्यात ते पैसे टाकू नका. भावना चांगली असली तरी अडचणीत संस्था येते.

रुग्णालय निवडताना मघाचा सात टक्क्यांचा आकडा आठवा. वर्षाला किती ऑपरेशनं करता एवढंच विचारून थांबू नका. ऑपरेशननंतर दीड महिन्याने किती जणांना नीट दिसतं याची नोंद ठेवता का, आणि गुंतागुंत झाली तर पुढचा उपचार कोण करतं, हे विचारा. चांगलं रुग्णालय या प्रश्नांनी चिडत नाही. उलट वही काढून दाखवतं.

मोतीबिंदूखेरीज आणखी तीन गोष्टी आहेत, त्या थोडक्यात. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायला हवा. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली फक्त वाचवता येते, म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब बघायचा. (इथे बसलेले आपण सगळेच त्यात येतो.) आणि जी बाळं दोन किलोपेक्षा कमी वजनाची किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली असतात, त्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा. नंतर वेळ निघून जाते. नवजात बाळांच्या विभागातून घरी सोडताना हे त्या आईला कुणीतरी नीट सांगणं आणि तारखेला आठवण करणारा फोन करणं, याला किती खर्च येतो? पण एका माणसाचं संपूर्ण आयुष्य त्यावर असतं.

आता शेवटची गोष्ट. आपल्या वर्गातली एक मुलगी आठवीनंतर शाळेत आली नाही. ती आज इथे आहे आणि तिला विचारूनच मी हे सांगते आहे. ती तिसऱ्या बाकावर बसायची आणि फळ्यावरचं चुकीचं उतरवून घ्यायची. गणितात आकडेच चुकायचे, मग उत्तर कसं बरोबर येणार? त्यासाठी तिने मार खाल्ला. आपण तिला हसलो. मीसुद्धा हसले. 'डोकं नाही' म्हणून घरच्यांनी शाळा सोडवली. लग्नानंतर, चोविसाव्या वर्षी, तिला पहिला चष्मा मिळाला. ती मला म्हणाली, 'झाडाला वेगवेगळी पानं असतात हे मला तेव्हा दिसलं.' आपण सगळे तिच्या शेजारी बसत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

शाळांमध्ये आता तपासणी होते, सरकारी योजनेतून चष्मेही मिळतात. पण आम्ही एका शाळेत तीन महिन्यांनी परत गेलो, तेव्हा अर्ध्याहून अधिक चष्मे दप्तरात किंवा घरी होते. कुणाची दांडी मोडलेली. कुणाला 'ढापणी' म्हणून चिडवलेलं. एका मुलीच्या आईने सांगितलं, चष्मा बघितला तर पुढे लग्नाला अडचण येईल. इथेही तेच. चष्मा देण्याचा दिवस साजरा झाला होता. चष्मा नाकावर राहावा यासाठी कुणी काही केलं नव्हतं.

आपल्या तुकडीने साडेचार लाख रुपये जमवले आहेत. त्यातून शाळेला तुकडीच्या नावाची कमान बांधावी अशी सूचना आहे. सूचना करणारा माझा जुना मित्र आहे आणि त्याने यासाठी गेलं वर्षभर फोन करून करून सगळ्यांना जमवलं आहे. त्याच्याशिवाय आज आपण इथे नसतोच. तरीही माझं म्हणणं मांडते.

हे पैसे तीन वर्षं पुरवून वापरू. पहिलं काम, दर जूनमध्ये शाळेतल्या सगळ्या मुलांची तपासणी, गरज असेल त्याला चष्मा, आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा वर्गात जाऊन तो घातला जातोय का ते बघणं. मोडला असेल तर नवा. वर्गशिक्षकांना बरोबर घेऊन, म्हणजे चिडवणं थांबेल. दुसरं काम, महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणच्या नेत्ररुग्णालयापर्यंत गाडी. आपल्या गावाहून तिथे एसटीने दोन तास लागतात, आणि त्या दोन तासांसाठी कितीतरी डोळे अडून आहेत. तिसरं, ऑपरेशननंतर दीड महिन्याची तपासणी आणि चष्मा. ऑपरेशनचा खर्च आपण करायचाच नाही. त्यासाठी रुग्णालयांना सरकारी अनुदान आहे, क्लब आहेत. आपण फक्त जिथे माणूस गळतो तिथे उभं राहायचं. गावातल्या क्लबला सोबत घेऊ, म्हणजे तीन वर्षांनंतर काम त्यांच्याकडे जाईल. हिशेब मी ठेवीन, दर मेळाव्यात वाचून दाखवीन. या वेळी ॲपमध्ये नाही, वहीत.

माझ्या आजीला एक चष्मा आणि एक पत्ता हवा होता. एवढंच.

 

ता. क. : दुपारच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. शेवटी कमान लहान करायची ठरलं आणि तीन लाख रुपये या कामाला मिळाले. तीन वर्षांऐवजी दोन वर्षं चालेल. जूनमधल्या पहिल्या तपासणीची जबाबदारी कमानीची सूचना करणाऱ्या मित्रानेच घेतली आहे, आणि आठवीनंतर शाळा सोडलेली आमची मैत्रीण दर सप्टेंबरला वर्गात जाऊन मुलांचे चष्मे बघणार आहे.